काट्यावरचे सुकदेवभाऊ

सुकदेवभाऊ काट्यावर चढले की आधी पायांकडे पाहायचे. स्वतःच्या नाही, आमच्या. मग म्हणायचे, "सरका बे मागं. कोणाचा पाय तं नाई ना लागून राह्यला?" आम्ही हातभर मागे सरकायचो. तरी ते एकदा वाकून काट्याच्या लोखंडी पाटाच्या कडा बघून घ्यायचे. मग सरळ उभे राहायचे, श्वास रोखायचे आणि डोळे मिटून विचारायचे, "सांग, दांडी कुठी आली?"

नवा माणूस हे पाहून हसायचा. मी तर लोकांना हसवणाराच माणूस, पण यावर मी कधी हसलो नाही. त्याचं कारण मला माहीत होतं.

मूलच्या एका राइस मिलमध्ये भाऊ काटेवाले होते. हमालाने धानाचं पोतं पाटावर टाकायचं, भाऊंनी दांडीवरचं वजन बोटाने सरकवत न्यायचं आणि दांडी वरही नाही, खालीही नाही अशी अधांतरी आणायची. शेतकरी घाईवर आलेला असायचा. "झालं का हो भाऊ?" भाऊंचं उत्तर ठरलेलं, "काटा बसू दे." हे उत्तर मग काट्यापुरतं राहिलं नव्हतं. कोणी सांगत आलं की अमक्याची पोरगी तमक्यासंगं पळाली, तर "काटा बसू दे". निवडणुकीत कोण येते? "काटा बसू दे." एकदा मी त्यांना विचारलं, "भाऊ, माझ्यासाठी पोरगी पाहून राह्यले घरचे, तुमाले कशी वाटते?" ते म्हणाले, "आधी तू बस. मग काटा बसंल."

आमच्या घराची भिंत त्यांच्या घराच्या भिंतीला लागून. मी टॉकीजच्या रिक्षात बसून भोंग्यावर सिनेमाची जाहिरात करत गावभर फिरायचो. टीव्ही अजून मूलला यायचा होता, त्यामुळे गावाची करमणूक म्हणजे मीच, असं माझं मत होतं. लोक मला रेडिओ म्हणत. पोंभुर्ण्याच्या बसचा कंडक्टर, शाळेतले गुरुजी, बाजारातली मासे विकणारी बाई, सगळे माझ्या गळ्यात राहायचे. भाडं कोणी देत नव्हतं.

त्यातला माझा सगळ्यात चालणारा आयटम म्हणजे सुकदेवभाऊंचा खोकला. भाऊ बीडीवाले. म्हणजे आमच्याकडे तसं सगळेच. उन्हाळ्यात अर्धा तालुका जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणार, अन् उरलेला अर्धा तोच पत्ता ओढणार. पण भाऊंची बात वेगळी. एका काडीत ते दोन बिड्या पेटवायचे, एक तोंडात, एक कानावर. कानावरची कधी कधी खरंच पेटलेली असायची. त्यांचा खोकला पहाटे सुरू व्हायचा. आधी बैलगाडी चढावर लागल्यासारखा, मग गाडी उलटल्यासारखा, आणि शेवटी "हे भगवान" असा एक सुस्कारा. मी तो मिलच्या चहाच्या टपरीवर काढला की हमाल पोट धरून हसायचे. भाऊसुद्धा हसायचे आणि हसता हसता खोकायचे. मग कोणता खरा अन् कोणता खोटा ते कळायचं नाही.

त्यांचा मोठा भाऊ रामदास. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. दादा त्याच मिलमध्ये बॉयलरवर होता. अंगानं मजबूत, आवाजानं त्याहून मजबूत. जेवायची वेळ झाली की तो मिलच्या फाटकातूनच ओरडायचा, "सुक्या, ताट वाढलं बे." पार रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जायचं. भाऊंनी कितीही मोठं पोतं तोलायला घेतलेलं असो, ते पोरासारखे निघायचे.

दादाला गळ्याचा आजार झाला. आधी नुसतं टोचल्यासारखं. घास गिळला की तो गळा खाकरायचा, "खर्र". आम्हाला वाटलं धानाचं कूस अडकलं असंल. मग आवाज बसला. मग अंग उतरायला लागलं. नागपूरला नेऊन आणलं तर तिथल्या डॉक्टरांनी बीडीचं नाव घेतलं आणि पुढचं काही बोलले नाहीत.

तेव्हापासून दादा बाजाराच्या दिवशी मिलमध्ये येऊन काट्यावर उभा राहायचा. "तोल रे सुक्या." अन् भाऊ तोलायचे. प्रत्येक वेळी दांडीवरचं वजन थोडं मागे घ्यावं लागायचं. जो माणूस धानाच्या भरल्या पोत्याला भारी पडायचा, तो आता कोंड्याच्या पोत्याइतकाही भरेना. अशाच एका बाजाराला मीही तिथेच होतो. भाऊंनी हळूच आपल्या पायाचा अंगठा पाटाच्या कडेवर टेकवला आणि दाबला. दांडी वर आली. भाऊ म्हणाले, "पाह्य दादा, मागच्या बाजारापेक्षा भरलास तू."

दादा खाली पाहत नव्हता. समोर भुशाच्या ढिगाकडे पाहत होता. त्याच बसलेल्या आवाजात म्हणाला, "पाय काढ, सुक्या."

भाऊंनी पाय काढला. दांडी खाली पडली, ठण् करून. तो आवाज मला आजपर्यंत काढता आलेला नाही.

होळीच्या आधी दादा गेला. माती देऊन आम्ही सगळे परत आलो, तेव्हा भाऊ घरी न जाता सरळ मिलमध्ये गेले. त्यांनी खिशातला बिडीचा अख्खा कट्टा काढला, कानावरची काढली आणि सगळं भुशाच्या भट्टीत टाकून दिलं. कवडू हमाल मागून म्हणाला, "अर्धा मले तं द्यायचा भाऊ." भाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं की कवडूने स्वतःची पेटलेली बीडीही विझवली. संध्याकाळी परत पेटवली ती गोष्ट वेगळी.

बीडी सुटली. लोकांना वाटलं होतं पोळ्यापर्यंतही टिकणार नाही. पण भाऊ घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस फार पक्का असतो. फक्त हाताला अन् तोंडाला चैन पडेना. हात सारखा कानाकडे जायचा. तिथं काही नसलं की तो हात काही तरी खायला शोधायचा. आधी फुटाणे, मुरमुरे, गूळ. मग एक दिवस त्यांना काकडीचा शोध लागला. काकडी बिडीसारखी बोटात धरता येते, म्हणाले. मग ते काकडी बोटात धरून बसायचे आणि कुरकुर खायचे. उन्हाळ्यात वैनगंगेच्या रेतीतली डांगरं, म्हणजे खरबुजं, बाजारातली केळी, पावसाळ्यात धानाच्या बांधावरची काकडी. अनसूयाबाई, त्यांची बायको, म्हणायची, "बीडी ओढत होते तवा धूर घरात होता, आता घरातलं धान्य धुरावानी उडून राह्यलं."

बरं, चवही परत आली होती. "इतके दिवस मी का खाऊन राह्यलो होतो माहीत नाई," भाऊ म्हणायचे. "अनसूया वरण इतकं चांगलं करते हे मले आता कळलं." हे ऐकून अनसूयाबाई खूश व्हायची की भांडायची, हे तिचं तिलाच ठरवता येत नसे.

भाऊ फुगायला लागले. सदऱ्याच्या काजांना ताण, पायजम्याची नाडी आखूड. खोकला गेला, माझा आयटम बुडाला. मी टपरीवर म्हणालो, "भाऊ, माझ्या पोटावर पाय देऊन तुमी स्वतःचं पोट वाढवून राह्यले." सगळे हसले. भाऊ मात्र उठून सरळ काट्यावर गेले. आमच्या पायांकडे पाहिलं. "सरका मागं." वाकून कडा पाहिल्या. डोळे मिटले. "सांग, दांडी कुठी आली?"

मी वजन पुढे सरकवलं. "वर भाऊ. अजून वर."

त्यांनी श्वास सोडला. त्या दिवशी मला कळलं, लोक ज्याला ढेरी म्हणत होते ती या माणसाला ताईतासारखी होती. दादाची दांडी मागे मागे गेली आणि दादा गेला. आपली पुढे पुढे जात आहे, म्हणजे आपल्याला ते नाही. "जोपर्यंत काटा वर जाते तोपर्यंत भ्यायचं कारण नाई," ते मला हळूच म्हणाले. भ्यायचं कारण नाही असं सांगतानाच त्यांचा हात गळ्यावर होता.

पावसाळा सरत आला. त्या काळात गाजर गवत आमच्या भागात नवं नवं पसरलं होतं. सरकारी गव्हासोबत आलं म्हणायचे लोक. मालधक्का, रस्त्याच्या कडा, मिलच्या मागचं धान वाळवायचं पटांगण, सगळीकडे कमरेइतकं वाढलेलं, अन् वर पांढरी बारीक फुलं, कोणी तांदळाची कणी उधळल्यासारखी. पोरं त्याचे गुच्छ करून खेळायची. ढोरं तोंड लावायची नाहीत.

त्याच दिवसांत भिंतीपलीकडून मला एक नवा आवाज ऐकू यायला लागला. खोकला नव्हे. जेवण झालं की "ख्क, ख्क, ख्र्र". मी तो लगेच उचलला. माझ्या गळ्याची सवयच तशी, आधी उचलतो, मग विचार करतो. दुसऱ्या दिवशी अंगणात तोंड धुताना मी तो काढून पाहत होतो, तर अनसूयाबाई पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन येत होती. ती जागीच थांबली. गुंडातलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

"हे कोणाचं काढून राह्यला तू?"

"भाऊचं. रातच्या जेवणानंतर काढतेत ना ते."

"माझ्या भासऱ्याचं नाई ना?"

भासरा म्हणजे थोरला दीर, आपला दादा. दादाचा आवाजही माझ्या गळ्यात होताच. मला वाटत होतं की दोघांची जागा वेगळी आहे. पण मी पडलो नकल्या, माझ्या वाटण्यावर कोण भरवसा ठेवणार? अनसूयाबाईने गुंड खाली ठेवला आणि तिथेच त्याच्या बाजूला बसली.

"मलेही तसंच ऐकू येते," ती म्हणाली. "मी म्हटलं, मलेच येत असंल."

भाऊंनाही ऐकू येतच होतं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच. एका दुपारी त्यांनी मला मिलच्या गोदामामागे नेलं, माझ्या हातात टॉर्च दिली आणि आ करून उभे राहिले. "पाह्य बे. काही दिसते का?"

मी पाहिलं. मला काय कळतंय? लाल होतं. माझंही लालच असेल. "काही नाई भाऊ," मी म्हणालो.

"लबाड बोलू नको. पाय काढ म्हणीन हं मी."

मला हसू आलं नाही. मी टॉर्च विझवून परत त्यांच्या हातात दिली.

मग त्यांनी जे केलं ते फक्त एक काटेवालाच करू शकतो. गळ्यात टोचतंय, म्हणजे ते आलं. पण वजन उतरलं नाही तर ते वाढणार नाही. म्हणून वजन उतरू द्यायचं नाही. भाऊ भूक नसताना खायला लागले. भाकरी गळ्याखाली जायची नाही, म्हणून मऊ केळी, म्हणून पाणीदार काकडी. खाल्ली की टाळू खाजायची, ओठ जड व्हायचे, "ख्क ख्र्र" सुरू व्हायचं. त्या आवाजाने ते आणखी घाबरायचे आणि आणखी खायचे. मग काट्यावर. आमचे पाय. दांडी वर. थोडा धीर. परत काकडी. मी हे सगळं समोर पाहत होतो आणि मला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. उलट मीच त्यांना बाजारातून काकड्या आणून द्यायचो.

कवडूचं म्हणणं वेगळं होतं. "बीडी सोडली म्हणून झालं हे. इतक्या वर्साचा धूर आत होता, त्यानं सगळं दाबून ठेवलं होतं. आता आतलं वर येऊन राह्यलं. दोन झुरके मारा भाऊ, मोकळं वाटंल." मिलमधल्या बहुतेकांना हे पटलं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही थोडं पटलं होतं. बीडी होती तेव्हा हे काही नव्हतं ना?

एकदा मी पाहिलं, भाऊंनी कवडूची न पेटवलेली बीडी नाकाशी धरली होती. डोळे मिटलेले. मी मागून दादाच्या आवाजात काही तरी म्हणणार होतो, जीभ टाळूपर्यंत गेलीही होती. पण म्हणालो नाही. त्यांनी बीडी परत कवडूच्या कानावर खोचली आणि म्हणाले, "काटा बसू दे." पण बोलताना त्यांची नजर काट्यावर नव्हती.

दिवाळीच्या आधी नवं धान येतं. त्याआधी पटांगण साफ करावं लागतं. मालकाने सांगितलं, सगळं गाजर गवत उपटून टाका. भाऊ, कवडू आणि चार-दोन बाया सकाळपासून लागल्या. भाऊ शिंकत होते, डोळे लाल झाले होते. पण ते दरवर्षीच शिंकायचे, आम्ही त्याला धानाची धूळ म्हणायचो, आणि त्याआधी बीडी म्हणायचो. दुपारी सावलीत बसून त्यांनी डबा उघडला. अनसूयाबाईने भाकरी दिली होती, भाजी दिली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. सोबत आणलेल्या काकड्या खाल्ल्या, एकामागून एक, अन् वर केळी. बाजाराचा दिवस होता. आज काट्यावर जायचं होतं.

मी रिक्षा मिलच्या फाटकाशी उभी करून आत आलो होतो. भाऊ माझ्याकडे वळले आणि मी पाहिलं की त्यांचा खालचा ओठ सुजून पुढे आला आहे. ते काही तरी बोलले. आवाज आलाच नाही. हवा आली फक्त. त्यांनी दोन्ही हात गळ्यावर ठेवले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी अजूनही ते डोळे विसरलो नाही. दादाचा आवाज बसायला किती दिवस लागले होते. यांचा एका घासात गेला.

गावातल्या डॉक्टरच्या दाराला कुलूप होतं. मिलचा ट्रक कोंडा घेऊन चंद्रपूरला निघतच होता. कवडूने भाऊंना उचलून पुढे बसवलं, अनसूयाबाई धावत आली तशीच चढली, मी तिच्या बाजूला. ट्रक सुटला. अनसूयाबाई रडत नव्हती. ती सारखी एकच म्हणत होती, "बोला. काही तरी बोला हो. मले शिव्या द्या पण बोला." भाऊंच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. मला वाटलं, या माणसाला हसवावं, काही तरी काढावं. कंडक्टर, गुरुजी, कोणीही. आणि माझ्या गळ्यातून कोणाचाच आवाज निघेना. माझाही नाही.

चिचपल्लीचं जंगल अर्धं पार झालं असेल. दोन्हीकडे सागाची झाडं, रस्त्यावर कोणी नाही. शिट्टी हळूहळू कमी झाली. ओठ थोडा उतरला. आणि भाऊ बोलले, घोगरे, "गाडी वापस घे."

"काऊन?" अनसूयाबाई म्हणाली.

"बरं वाटून राह्यलं मले. वापस चला. तिथी जाऊन ते का सांगतीन ते मले ऐकाचं नाई."

"तुमी ऐकू नका," अनसूयाबाई म्हणाली. "मी ऐकीन. मी ऐकून घरी सांगीन तुमाले, हळू हळू." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चालव बापू."

चंद्रपूरला कान-नाक-घशाच्या एक डॉक्टरीण बाई होत्या. दवाखान्यात पोचलो तोवर भाऊ इतके ठीक दिसत होते की आम्हालाच लाज वाटावी. बाईंनी विचारलं, काय होतं? भाऊंनी सांगितलं, गळ्यात टोचते. कसं टोचतं? ते त्यांना सांगता येईना. आवाज कसा होतो? भाऊंनी काढायचा प्रयत्न केला. नुसती थुंकी गिळली. "तवाच निघते बाई ते," म्हणाले. "असं नाई निघत."

मी म्हणालो, "मी काढू का?"

अनसूयाबाईने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सांगत नाही. पण मी काढला. "ख्क, ख्क, ख्र्र."

बाईंनी मान वर केली. "परत काढ." मी परत काढला. "जीभ कुठे लागते?"

"टाळूले. जिभेनं टाळू खाजवल्यासारखं."

"खाली घशात नाही लागत?"

"नाई. खाली लागते तो वेगळा."

"तो कसा?"

विचार न करता मी दादाचा काढला. छातीपासून येणारा, गिळताना अडकणारा. भाऊंचा चेहरा पांढरा पडला.

"हा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"यांच्या मोठ्या भावाचा."

"ते कुठे असतात?"

बाईंनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना तेव्हा सगळं कळलं. त्यांनी लहानसा आरसा गरम करून भाऊंच्या घशात धरला आणि खूप वेळ पाहिलं. मग त्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि काय खाता, कधी खाता, कुठे काम करता, शिंका कधी येतात, असं बराच वेळ विचारत राहिल्या. मला वाटलं बाईंना गप्पांची आवड आहे.

"घशात मला काही दिसत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाला झालं ते जेवणासोबत येत नाही आणि घटकाभरात जात नाही. तुम्हाला खाज येते. गाजर गवताच्या फुलांची बारीक धूळ असते, ती तुम्हाला सोसत नाही. आणि काकडीत, केळ्यात, डांगरात त्या धुळीसारखंच काही तरी असतं. कच्चं खाल्लं की तोंडाला वाटतं ती धूळच आली. गवत फुलावर असतं तेव्हा हे जास्त होतं. आज तुम्ही दिवसभर गवत उपटलं आणि वर टोपलीभर खाल्लं, म्हणून गळा सुजला. हे हसण्यावारी नेऊ नका. पुन्हा असा गळा धरला तर इथवर पोचेपर्यंत वेळ मिळणार नाही. या वस्तू कच्च्या खायच्या नाहीत, त्या गवतात हात घालायचा नाही."

"अन् हे बीडी सोडल्यानं झालं?" भाऊंनी विचारलं.

"बीडी सोडल्यामुळे भूक आली, वजन वाढलं. ते बहुतेकांचं वाढतं. बिडीच्या जागी काकडी आली एवढाच तिचा संबंध. बीडी परत धराल तर मी तुम्हाला दारातून आत घेणार नाही."

मग म्हणाल्या, महिनाभराने परत या, मी पुन्हा एकदा आरसा लावून पाहीन. खात्रीसाठी. बस, तो एक शब्द भाऊंनी धरला. मूलचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, "खात्री असती तं वापस कायले बोलावलं असतं?"

खरी भीतीची पाळी त्यानंतर आली. भाऊंनी काकडी बंद केली, केळी बंद केली, भूक नसताना खाणं बंद केलं. आवाज थांबला. आणि वजन उतरायला लागलं. उतरणारच ना? पण बाजाराच्या दिवशी ते काट्यावर चढले, आमचे पाय पाहिले, डोळे मिटले आणि विचारलं, "दांडी कुठी आली?" मी वजन मागे घेत होतो. मागे. अजून थोडं मागे. ते डोळे मिटून ते लोखंड घासल्याचा आवाज ऐकत होते. तो आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, पुढे जातो की मागे हे त्यांना बघावं लागत नव्हतं.

माझा पाय पाटाच्या कडेपासून चार बोटांवर होता. खरं सांगतो, अंगठा हलला. मग मी तो मागे घेतला.

ते खाली उतरले. कवडू लांबून पाहत होता. त्याने जवळ येऊन एक बीडी पुढे केली. भाऊंनी ती घेतली. काडीही घेतली. मग माझा हात धरून मला गोदामामागे नेलं, जिथं टॉर्च दाखवली होती तिथंच.

"माझा काढ," म्हणाले. मी काढला. टाळूवर.

"आता दादाचा."

"राहू द्या भाऊ."

"काढ बे."

मी काढला. ते कान देऊन ऐकत होते, जसे पोत्याखाली दांडी हलताना पाहायचे तसे. "परत माझा. परत दादाचा." मी काढत राहिलो. माझा गळा दुखायला लागला. शेवटी ते म्हणाले, "वेगळा आहे ना?"

"वेगळाच आहे भाऊ. जागाच वेगळी आहे."

"पाय तं नाई ना लावून राह्यला?"

"नाई भाऊ."

त्यांनी बीडी चुरगळली आणि पत्ता, तंबाखू, धागा सगळं वाऱ्यावर सोडलं.

त्यानंतर हे नेमाचंच झालं. गल्लीत भेटले, मिलमध्ये भेटले, की इकडेतिकडे पाहून हळूच, "दोन्ही काढ." मी काढायचो. महिन्याने बाईंनी आरसा लावून पाहिलं, घसा साफ होता. तरी "दोन्ही काढ" सुरूच होतं. पुढच्या भादव्यात गाजर गवत फुललं तेव्हा भाऊ नाकाला दुपट्टा बांधून हिंडायचे आणि काकडी दिसली की रस्ता बदलायचे. अनसूयाबाई त्यांना काकडी शिजवून द्यायची. ते तोंड वाकडं करून खायचे. वजन एका जागी येऊन थांबलं, धानाच्या पोत्याला थोडं कमी. बीडी मात्र परत आली नाही.

मला नागपूरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी भाऊ बसस्टँडवर आले. "जयभीम, भाऊ," मी म्हणालो. त्यांनी माझी पेटी टपावर चढवायला मदत केली, मग इकडेतिकडे पाहिलं. मला माहीत होतं आता काय येणार. मी गळा साफ केला. "आधी तुमचा काढू का दादाचा?"

"माझा राहू दे," ते म्हणाले.

मी दादाचा काढायला घेतला, छातीतून, अडकणारा. त्यांनी हात वर केला. "तो नाई. आजाराच्या आधीचा येते का तुले?"

येत होता. कधीचाच येत होता. इतक्या दिवसांत कोणी मागितलाच नव्हता. मी बसच्या दारापाशी उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि त्या मिलच्या फाटकातून यायचा तसा आवाज सोडला, "सुक्या, ताट वाढलं बे."

स्टँडवरचे लोक वळून पाहायला लागले. कंडक्टर माझ्यावर ओरडला. भाऊ तसेच उभे होते, मान थोडी वाकडी करून, दांडी अधांतरी थांबायची वाट पाहताना उभे राहायचे तसे. मग म्हणाले, "बसला काटा."

कंडक्टरने घंटी दिली. त्यांनी सवयीने माझ्या पायांकडे पाहिलं. मी दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि पायरीवर ठेवले.